देण्याच्या बाजूला भिंगरी

रविवार, ७ जून
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

वर्ग आत्ताच सुटला. फळा पुसून झाला आहे, खडू डबीत ठेवले आहेत आणि त्याच बाकावर बसून तुला लिहितो आहे. खाली दुकानात कुणीतरी मोटर चालू करून बघत असल्यामुळे बाक थरथरतो. अक्षर हलले तर मला बोलू नकोस.

तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. तुझ्या भिंगरीची नववी संपल्यापासून ती घरभर गरगरते आहे, हातात पैसा टिकत नाही, म्हणून मी इथल्या मुलांना जे शिकवतो ते तिलाही पत्राने शिकवावे असे तू म्हणतेस. मला आधी भीतीच वाटली. माझीही शाळा नववीलाच थांबली आहे, म्हणजे ती आता माझ्या पुढे जाणार. पण मालकांनी मला हे काम सांगितले तेव्हा ते म्हणाले होते की यात शाळेपेक्षा सवय लागते आणि ती तुला नको इतकी आहे.

जळालेल्या मोटरींना नवी तार भरायची हे आमचे काम. शिकाऊ मुले आठ आहेत, पंधरा ते अठरा वर्षांची. पगार झाला की आठ दिवसांत सगळे उचल मागायला मालकांच्या दारात उभे. त्याला कंटाळून हा रविवारचा वर्ग निघाला.

भिंगरीने असे करावे. कागदावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे आपले जे आहे ते, उजवीकडे आपण जे देणे लागतो ते. दोन बेरजा, एक वजाबाकी. उरते ती निव्वळ मालमत्ता, मुले नुसतेच निव्वळ म्हणतात. दुसऱ्या कागदावर रोजची आवक-जावक, म्हणजे आज किती आले, किती गेले आणि कशावर गेले. पहिला कागद आपण कुठे उभे आहोत ते सांगतो, दुसरा कुठल्या बाजूला सरकतो आहोत ते.

नियम दोनच. वस्तू केवढ्याला घेतली ते लिहायचे नाही, उद्या सकाळी विकली तर हातात काय पडेल ते लिहायचे. आणि जो खर्च पुढे होणारच आहे तो आजच देण्यात धरायचा. दुसरा नियम मी दुकानातून घेतला आहे. आमच्याकडे जळकी मोटर टेबलावर आली की तिला लागणारी सगळी तार त्याच क्षणी तिच्या नावावर लिहितात, मग तार अजून कोठीत का असेना. त्यामुळे शेवटी धक्का बसत नाही.

मुले गमतीची आहेत. उंच मुलाने बुटांची किंमत अडीच हजार लिहिली. जुन्या बाजारात विचारून ये म्हटले, तर साठ रुपये हा भाव घेऊन आला आणि आठवडाभर बुटांकडे बघत नव्हता. दुसऱ्याने विचारले की मैत्रीण कुठल्या बाजूला लिहायची. मी विचार करून आवक-जावकीत असे सांगितले. सगळे इतके का हसले ते मला अजून नीट कळलेले नाही.

भाऊजींना नमस्कार. भिंगरीला म्हणावे, खाडाखोड चालेल, अंदाज चालणार नाही.

लोभ आहेच, तो मोडून खाऊ नये ही विनंती.

तुझा,
धाकटा


गुरुवार, ११ जून

ती. मामास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

मामा, तुझी पद्धत भारी आहे. दोन दिवसांत घराचे निव्वळ काढले. एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नाही.

डावीकडे पप्पांची व्हॅन नव्वद हजार. पप्पा सगळ्यांना तीन लाखांची सांगतात, म्हणून मी स्वतः जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेले. त्याने चाकाला लाथ मारली आणि नव्वद म्हणाला. बँकेत अकरा हजार चारशे. फ्रिज, कपाट आणि आईचे शिलाई मशीन मिळून चौदा हजार. उजवीकडे व्हॅनचे कर्ज बासष्ट हजार, वाण्याचे तीन हजार नऊशे, एका महिन्याचे थकलेले भाडे साडेपाच हजार. निव्वळ चव्वेचाळीस हजार. इथवर मला बरे वाटत होते.

मग तुझा दुसरा नियम लावला. दहावी, पुढची दोन वर्षे आणि त्यानंतरचा कोर्स, फी, पुस्तके, बस धरून माझे एक लाख शहाऐंशी हजार होतात. ते उजवीकडे लिहिले. घराचे निव्वळ उणे एक लाख बेचाळीस हजार.

म्हणजे घरातले सगळ्यात मोठे देणे मीच आहे. मला खोडले की घर वर येते. म्हणून मी खोडते आहे. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात माल मोजून लावायला मुलगी हवी आहे, महिना साडेसहा हजार, एक जुलैपासून. मी हो सांगून आले. पप्पांना कागद दाखवला, ते व्हॅन धुवायला गेले. आईला आज सांगेन.

तू पण नववीनंतर कामाला लागलास आणि तुझे छान चालले आहे, त्यामुळे तुला समजेल.

तुझी शिष्या,
भिंगरी


शनिवार, १३ जून

चि. काटकोनास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि त्यातले दोन-तीन धपाटे समज.

अरे काटकोना, लहानपणापासून सगळं सरळ रेघेत मोजणाऱ्या, काय शिकवलंस तू पोरीला? मी म्हटलं होतं, जरा पैशाची किंमत कळू दे. तिने सगळ्या घराची किंमत काढून भिंतीवर चिकटवली. फ्रिजवरसुद्धा चिठ्ठी आहे, चार हजार म्हणून. परवा शेजारीण बर्फ मागायला आली, ती चिठ्ठी वाचून म्हणाली, देताय का?

हसू येतं, पण रात्री डोळा लागत नाही. फी भरायची शेवटची तारीख तीस जून आहे, साडेअठरा हजार. आम्ही कसंतरी जमवत होतोच. आता जमवायचं कुणासाठी, तीच नको म्हणते. रागावून बघितलं, समजावून बघितलं. ती कागद पुढे करते आणि म्हणते, कुठला आकडा चुकला ते दाखव. मी दिवसभर युनिफॉर्मला काज करणारी बाई, मला चूक दिसत नाही, पण चूक आहे एवढं कळतं.

तुझ्या भाऊजींचं तर विचारूच नकोस. नव्वद हजार ऐकल्यापासून माणूस दिवसातून दोनदा व्हॅन धुतो. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो. पोरीवर चिडला असता तर बरं झालं असतं.

आणि तुला म्हणून सांगते. तू शाळा सोडलीस तेव्हा बाबा आजारी होते, मी सासरी होते, तू असाच एकट्याने हिशेब करून मोकळा झालास. कुणाला विचारलं नाहीस, आणि आम्हीही तुला विचारलं नाही. आता तिला तू विचार. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, कागदावर बोलतोस, म्हणून कागदावरच बोल. पण लवकर.

माया कमी झालेली नाही, पण सध्या वाट बघते आहे.

ताई


सोमवार, १५ जून
सकाळचे सात, दुकान उघडायच्या आधी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मी पाच वेळा तपासला. बेरजा बरोबर आहेत, वजाबाकी बरोबर आहे. चूक माझ्या दुसऱ्या नियमात आहे आणि ती मला तुझे पत्र वाचेपर्यंत दिसली नव्हती.

आमच्या दुकानात तार आधीच लिहितात, कारण मोटर टेबलावर आली म्हणजे तिच्या मालकाशी बोली झालेली असते. मागे फिरता येत नाही. तुझ्या शिक्षणाची अशी बोली कुणाशी झालेली नाही. आज ते पैसे कुणी मागायला आले तर तुझे पप्पा त्याला हाकलून देतील, आणि ते बरोबरच होईल. जे आज आपण कुणाला देणे लागत नाही ते देणे नव्हे. तो पुढचा खर्च आहे, त्याची जागा आवक-जावकीत. तेव्हा उजवीकडून स्वतःला काढ. तुमच्या घराचे निव्वळ चव्वेचाळीस हजार आहे, आणि ते उणे नाही.

दुकानाच्या रीतीवरून मी सरळ तुमच्या घराला नियम लावला, हे मी रविवारी मुलांनाही सांगणार आहे. तोपर्यंत मला चैन पडणार नाही.

एक जुलैला अजून पंधरा दिवस आहेत. औषधांच्या दुकानदाराला हो म्हणून आलीस, ते एवढ्यात पक्के करू नकोस.

तुझा,
मामा


गुरुवार, १८ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नियम सुधारला ते बरे केलेस. मी स्वतःला उजवीकडून काढले आणि आवक-जावकीत घातले. आता उलट सोपे झाले. देणे असते तर फेडावेच लागले असते. खर्च काय, थांबवला की थांबला.

महिन्याला पप्पांचे आणि आईचे मिळून एकवीस हजार येतात. भाडे, कर्जाचा हप्ता, वाणी, डिझेल, दवाखाना धरून वीस हजार चारशे जातात. हे माझी शाळा सोडून. सहाशे रुपयांत कुठली शाळा बसते? माझे साडेसहा हजार आले तर वाणी एका महिन्यात फिटतो आणि भाडे दुसऱ्या.

आई म्हणते आकड्यांत सगळे मावत नाही. मी म्हटले, जे मावत नाही ते कागदावर लिहून दाखव. ती लाटणे घेऊन उठली, मारले नाही.

मामा, तू खरे सांग. तुझे स्वतःचे निव्वळ किती? तू कधीच लिहिले नाहीस. आवक-जावक मला नको, ती तू रोज लिहितोस हे माहीत आहे.

तुझी,
भिंगरी


रविवार, २१ जून
दुपारचे दोन

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाने दोन दिवस माझे कामात लक्ष नव्हते. काल एका मोटरीचे वेढे मोजताना आकडा विसरलो आणि सगळी तार उलगडून पुन्हा भरावी लागली. दुकानात असे माझ्या हातून पहिल्यांदा झाले. म्हणून आज वर्गात फळ्यावर मुलांसमोर माझाच कागद मांडला.

निव्वळ लवकर झाले. बँकेत नऊ हजार, सायकल आठशेची, हत्यारे दोन हजारांची, देणे काही नाही. अकरा हजार आठशे. उंच मुलगा म्हणाला, सर, माझे याच्यापेक्षा जास्त आहे. ते खरे निघाले. त्याच्या आईने त्याच्या नावावर ठेव ठेवली आहे.

मग मी तिसरा कागद केला. तो मी कधी शिकवला नव्हता, कारण केलाच नव्हता. दहा वर्षांचा. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला आमच्या तपासणीच्या टेबलावर बसणारा, माझ्याच वयाचा. तयार झालेली मोटर तो भार देऊन बघतो आणि दाखल्यावर सही करतो. मोटर मी भरतो, पण सही मला करता येत नाही, कारण त्यासाठी दोन वर्षांच्या कोर्सचे प्रमाणपत्र लागते आणि कोर्सला दहावी लागते.

मला साडेतेरा हजार मिळतात, त्याला एकवीस. फरक साडेसात हजार, वर्षाला नव्वद हजार. त्याच्यावर अन्याय नको म्हणून त्याचाही खर्च धरला. कोर्सचे चाळीस हजार, आणि ती दोन वर्षे तो काही कमवत नव्हता, तेव्हा मला महिना सहा हजार मिळत होते, ते एक लाख चव्वेचाळीस. एकूण एक लाख चौऱ्याऐंशी हजार. हे सगळे त्याचे नोकरीच्या दोन वर्षे सोळा दिवसांत फिटले. त्यानंतरचे दर वर्षीचे नव्वद हजार नुसतेच माझ्यापेक्षा जास्त.

मी शाळा सोडली त्या वर्षीची फी एक हजार आठशे होती. ती मी वाचवली. तेव्हा मीही तुझ्यासारखाच हिशेब केला होता आणि त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता. फक्त कागद एका महिन्याचा होता.

फळ्यावर नव्वद हजार लिहिल्यावर मुलांनी तो आकडा वहीत उतरवला. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला की आज चहा तपासणीवाल्याने पाजायला हवा. सगळे हसले. मीही हसलो आणि नव्वद हजार तसेच फळ्यावर ठेवले.

माझे छान चालले आहे असे तू लिहिलेस. वाईट चाललेले नाही. पण छान म्हणजे काय ते कागदावर बघितल्यावर तू ठरव. मी आज्ञा करत नाही. तू महिन्याचा कागद केलास, आता दहा वर्षांचा कर आणि दोन्ही शेजारी ठेव.

सोबत तीन हजारांची मनीऑर्डर ताईच्या नावे करतो आहे. ती उसनी आहे, देणगी नाही, आणि तुझ्या कागदावर उजवीकडे लिही. माझे बँकेतले ठेवीत अडकले आहेत, म्हणून मी मालकांकडून उचल घेतली. ते खूप हसले.

तुझा,
मामा


शनिवार, २७ जून

चि. काटकोनास,
आशीर्वाद, या वेळी धपाटे नाहीत.

तुझं पत्र तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच मनात वाचायला लागली. दोन दिवसांनी औषधांच्या दुकानात जाऊन विचारून आली की मालाची यादी संगणकावर करणाऱ्या माणसाला किती मिळतात आणि त्याचं शिक्षण किती. परत आली, कागद केला, भिंतीवरच्या कागदाशेजारी चिकटवला. मी विचारलं नाही. मला तो समजतोही नीट, आता सवय झाली.

तुझ्या भाऊजींनी मात्र तो समोर उभं राहून वाचला. मग तिला म्हणाले की तुझ्या पहिल्या कागदात व्हॅन विकली तर काय येईल ते आहे, चालवली तर काय येईल ते कुठे आहे? पहाटे बेकरीचे पाव दुकानांत पोचवायचं काम त्यांनी धरलंय, महिना साडेतीन हजार वर. मला न सांगता. बेकरीवाल्याने पहिल्याच दिवशी चार हजार आगाऊ दिले, म्हणजे पहिला महिना आणि थोडं जास्त. आता चार वाजता उठतात आणि घरात इतका आवाज करतात की मीही उठते. जेवण मात्र पूर्वीसारखं, दोन चपात्या जास्तच.

काल फी भरली. बँकेतले सगळे अकरा हजार चारशे, बेकरीचे चार, तुझे तीन. शंभर कमी पडत होते. ते तिने स्वतःच्या डबीतले घातले आणि पावतीच्या मागे तसं लिहून माझी सही घेतली. दुकानात ती फक्त शनिवार-रविवार जाणार आहे, दुकानदाराने कबूल केलंय.

बँकेत आता भोपळा आहे. उद्या कुणाला ताप आला तर काय, हे डोक्यातून जात नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, त्याचाही कागद करू. मी म्हटलं, आता भिंतीवर जागा नाही.

तिची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचली नाही, म्हणजे वाचली, पण मत देत नाही.

तुझी काळजी करायचं काम अजून माझ्याकडेच आहे, ते काढून घेऊ नकोस.

ताई


(सोबतची चिठ्ठी)

मामा,

तुझ्या दहा वर्षांच्या कागदात एक चूक आहे. तू तो आजपर्यंतच केलास. तपासणीवाल्याचा पुढे चालू आहे, तुझा पण चालू आहे. तू चोवीस वर्षांचा आहेस. साठ वर्षांपर्यंत काम केलेस तर फरक बत्तीस लाखांच्या वर जातो. मला शाळेत पाठवून तू स्वतः एका महिन्याच्या कागदावर बसणार असशील तर तो वर्ग तू बंद कर.

शाळेत न जाता बाहेरून दहावी देता येते, मी बाईंना विचारले. अर्ज दहा जुलैपर्यंत. भाषेला तुला मदत लागणार नाही, तुझ्या पत्रात मला आजवर चूक सापडली नाही. बीजगणित मी आठवड्याला पत्राने शिकवते. खाडाखोड चालेल, अंदाज चालणार नाही.

भिंगरी


रविवार, ५ जुलै
सकाळचे साडेनऊ, मुले यायच्या आधी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी वाचल्यापासून माझी भूक कमी झाली आहे. तीन दिवस मी नाही म्हणायला कारणे शोधत होतो. एक सापडले की मी बीजगणित विसरलो आहे. दुसरे की दुकानातले लोक हसतील. तिसरे सापडले नाही. काल मी मालकांना विचारले की परीक्षेचे दिवस सुट्टी मिळेल का. ते म्हणाले, मिळेल, पण सही करायला लागलास की मोटरी कोण भरणार? तपासणीवाला बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, त्याला तीन वर्षे आहेत, तोपर्यंत मी म्हातारा होईन. मग त्याने मला त्याचे जुने भूमितीचे पुस्तक आणून दिले. त्याच्या अक्षरात कडेला उत्तरे लिहिलेली आहेत, पण दोन तपासली तर चुकीची निघाली.

काल दुपारी अर्ज भरला. शिक्षणाच्या रकान्यात नववी उत्तीर्ण असे लिहायचे होते. ते मी सगळ्या अक्षरांपेक्षा नीट लिहिले. पावती घेऊन बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर सगळे नेहमीसारखे चालले होते.

भिंगरीचे पहिले पत्र कालच आले. तिने दोन पाने शिकवले आहे आणि शेवटी लिहिले आहे की उदाहरणे सोडवून पाठवली नाहीत तर ती ताईला सांगेल. ताई, तू तिचे ऐकू नकोस, पण ऐकलेस तर मला कळव.

मुले जिन्यावर आली. आज त्यांना अर्जाचे सांगणार आहे. उंच मुलगा नक्की काहीतरी बोलेल.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ चालू खात्यात असू द्यावा.

तुझा,
धाकटा

ता. क. या आठवड्याचा हिशेब, भिंगरीने मागितला म्हणून.

खर्च: परीक्षेचा अर्ज १,१५०. फोटो ८०. जुनी पुस्तके ३४०. दोन वह्या ९०. टपाल ३६. एकूण १,६९६.
येणे: ताईकडून ३,०००, सवडीने.
देणे: मालकांची उचल ३,०००. भिंगरीला सात उदाहरणे, सोमवारच्या टपालापर्यंत.